डाळमिलच्या जिन्यावर घसरून पाय मोडला: भरपाई ठेकेदाराने द्यायची, मिलमालकाने की जागेच्या मालकाने?

मांजराकाठ (लातूर)

नमस्कार. माझे दाजी, वय ४०, लातूरच्या औद्योगिक वसाहतीतील एका डाळमिलमध्ये सहा वर्षांपासून ठेकेदाराच्या हाताखाली काम करतात. गाडी काट्यावर लावून घेणे, कट्टे उतरवणे आणि वजनाची पावती वरच्या मजल्यावरील ऑफिसात दिवाणजींकडे नेऊन देणे हे त्यांचे रोजचे काम आहे. एप्रिल २०२५ च्या दुसऱ्या आठवड्यात अशीच पावती घेऊन ते जिना चढत असताना सातव्या की आठव्या पायरीवरून घसरले आणि खालच्या वळणापर्यंत आले. उजव्या पायाचा घोटा दोन ठिकाणी मोडला. शस्त्रक्रिया करून पट्टी आणि स्क्रू बसवावे लागले. आज आठ महिने झाले तरी त्यांना उकिडवे बसता येत नाही आणि पाठीवर कट्टा घेऊन फळीवरून चालणे तर डॉक्टरांनी कायमचे बंद केले आहे.

जिन्याबद्दल थोडे सविस्तर सांगतो, कारण सगळा वाद तिथेच आहे. पायऱ्या शहाबादी फरशीच्या आहेत आणि हाच जिना ऑफिसातून पुढे गच्चीवर जातो. उन्हाळ्यात तेल-पाण्याचा हात दिलेली तूर गच्चीवर वाळत घालतात, तिची पोती याच जिन्याने वर जातात, पोत्यांतून तेल पाझरते आणि त्यावर चुनीची भुकटी बसते. कठडा फक्त पहिल्या वळणापर्यंत आहे. दाजी पडले त्याच्या आदल्याच आठवड्यात एक बाई याच ठिकाणी घसरल्या होत्या, पण त्यांना खरचटण्यापलीकडे काही झाले नाही म्हणून कोणी बोलले नाही.

ठेकेदाराने दवाखान्यात १५,००० रुपये भरले. एकूण खर्च १,६८,००० रुपये झाला आणि उरलेली रक्कम आम्ही व्याजाने काढली. मिलमालक म्हणतात की हा माणूस आमच्या हजेरीवर नाही, ठेकेदाराकडे जा. ठेकेदार म्हणतो की जिना माझा नाही, शिवाय तो स्वतःच्या कामासाठी वर गेला होता. यात थोडे तथ्य आहे आणि ते लपवावे असे मला वाटत नाही: पावती द्यायची होतीच, पण त्याच वेळी मुलीच्या शाळेसाठी दोन हजारांची उचल मागायचीही त्यांच्या मनात होती. मिल भाड्याच्या जागेत आहे आणि जागेचे मालक म्हणतात की देखभाल भाडेकरूने करायची असे करारात लिहिले आहे.

आता ठेकेदार आणखी २५,००० रुपये द्यायला तयार झाला आहे. त्याबदल्यात ५०० रुपयांच्या बाँडवर ‘माझी कोणतीही तक्रार व मागणी शिल्लक नाही’ असे लिहून सही मागतो. दुसरी मोठी अडचण अशी की दवाखान्याच्या केसपेपरवर ‘घरी मोरीत पाय घसरून पडले’ अशी नोंद आहे. दाजी वेदनेने विव्हळत होते आणि माहिती ठेकेदाराच्या माणसाने दिली. ताईला हे पाच महिन्यांनी, फाईल चाळताना कळले.

पगार महिन्याला साधारण १४,००० रुपये, कधी रोख, कधी ठेकेदाराच्या फोनवरून खात्यात. पगाराची पावती मिळत नाही आणि माथाडी मंडळातही नोंद नाही. जबाबदारी नेमकी कोणाची आणि सुरुवात कुठून करावी, हे कृपया कोणी समजावून सांगावे.


मोसंबीबाग (जालना)

भाऊ, बाकीचे कायदेशीर उत्तर जाणकार देतील. मी एकच गोष्ट आधी सांगते: दाजींना त्या बाँडवर सही करू देऊ नका, आणि कोऱ्या कागदावर तर मुळीच नाही.

माझे पती एका रोलिंग मिलमध्ये होते. कूलिंग बेडजवळ सांडलेल्या पाण्यावर घसरून त्यांचे मनगट मोडले. पहिल्या आठवड्यात मालकाची माणसे घरी येत होती, फळे आणत होती आणि आम्ही त्यांच्या भरवशावर राहिलो. ३०,००० रुपये घेऊन सही केली. नंतर हात वळेनासा झाला, पकड गेली, तेव्हा पुन्हा विचारायला गेलो तर तोच कागद आमच्यासमोर धरला. पुढे वकिलांनी तो कागद कायद्याने टिकणारा नाही हे दाखवले आणि भरपाई मिळाली, पण त्या एका सहीमुळे आमची पहिली दोन वर्षे समोरच्याच्या हरकतींना उत्तरे देण्यात गेली. आपल्याकडे माणूस आजारपणात कर्जबाजारी होतो आणि नेमका त्याच वेळी हा कागद पुढे येतो. २५,००० ही रक्कम तुमच्या कर्जाच्या व्याजालाही पुरणार नाही.


खामनदी (छत्रपती संभाजीनगर)

मी कामगार न्यायालयात वकिली करतो. आपण मांडलेली माहिती स्पष्ट आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

प्रथम कोणता कायदा लागू होतो ते पाहू. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता अमलात आल्या आणि अपघात भरपाईचा विषय सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये गेला. त्यामुळे ‘जुना कायदा संपला’ असे तुम्हाला सांगितले जाईल. परंतु भरपाईचा हक्क अपघाताच्या दिवशीच निर्माण होतो, हे सर्वोच्च न्यायालयाने प्रताप नारायण सिंह देव विरुद्ध श्रीनिवास सबाता या प्रकरणात पूर्वीच ठरवून ठेवले आहे. तेही प्रकरण पडण्याचेच होते: काम करताना पडलेल्या एका सुताराचा डावा हात कापावा लागला आणि एका हाताने सुतारकाम होऊ शकत नाही म्हणून न्यायालयाने त्याची कमाईची क्षमता पूर्ण गेली असे धरले. दाजींचा अपघात एप्रिलमधला असल्याने त्यांचा हिशोब कर्मचारी भरपाई अधिनियम, १९२३ आणि कर्मचारी राज्य विमा अधिनियम, १९४८ म्हणजे ईएसआय, यांच्याच आधारे करावा लागेल.

१९२३ च्या कायद्याचा गाभा असा की मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. इजा अपघाताने झाली, ती नोकरीतून उद्भवली आणि नोकरीच्या ओघात झाली, एवढे दाखवले की पुरे. ‘पाय जपून ठेवायला हवा होता’, ‘चप्पल झिजलेली होती’ हे बचाव इथे चालत नाहीत. मालकाची सुटका होते ती दारू किंवा अमली पदार्थाच्या अमलाखाली अपघात झाला असेल, सुरक्षेसाठी स्पष्टपणे दिलेला आदेश कामगाराने जाणूनबुजून मोडला असेल, किंवा सुरक्षेचे साधन जाणूनबुजून काढून टाकले असेल तर. मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले असेल तर हे बचावही उरत नाहीत. तुमच्या जिन्यावर कसला आदेश लावलेला होता? बहुधा कसलाच नाही.

उचलीची गोष्ट तुम्ही प्रामाणिकपणे सांगितली, ती न्यायालयातही तशीच सांगावी. कामाच्या वेळेत, मिलच्या आवारात, पावती घेऊन ऑफिसात जाणारा माणूस त्याच फेरीत उचल मागणार असेल तर तो नोकरीच्या ओघाबाहेर जात नाही. न्यायालयांनी हा ओघ किती रुंद मानला आहे याचे उदाहरण आपल्याच भागातले आहे. धाराशिव जिल्ह्यातील एका साखर कारखान्याचा पहारेकरी २२ एप्रिल २००३ रोजी पहाटे तीनच्या पाळीसाठी मोटारसायकलवरून निघाला आणि कारखान्यापासून साधारण पाच किलोमीटरवर अपघातात मरण पावला. उस्मानाबादच्या कर्मचारी भरपाई आयुक्तांनी २००९ मध्ये ३,२६,१४० रुपये आणि १२ टक्के व्याज मंजूर केले, उच्च न्यायालयाने २०११ मध्ये ते रद्द केले आणि सर्वोच्च न्यायालयाने २८ जुलै २०२५ रोजी पुन्हा कायम केले. घरून कामावर जाण्याचा प्रवासही, वेळ, जागा आणि काम यांचा संबंध जुळत असेल तर, नोकरीच्या ओघात धरता येतो असे त्या निकालात म्हटले आहे. त्या कुटुंबाला बावीस वर्षे लागली याचे मला आजही वाईट वाटते. तुमचा प्रश्न तर रस्त्यावरचा नाही, मिलच्या जिन्यावरचा आहे.

आता ठेकेदार की मिलमालक. कलम १२ यासाठीच आहे. मिलच्या नेहमीच्या धंद्याचा भाग असलेले काम मालकाने ठेकेदाराकडून करून घेतले आणि अपघात मालकाच्या ताब्यातील जागेत झाला, तर कामगार थेट मूळ मालकाकडे भरपाई मागू शकतो, जणू तो त्याचाच नोकर आहे. ती रक्कम पुढे ठेकेदाराकडून वसूल करायची की नाही, हा त्या दोघांचा हिशोब. डाळमिलमध्ये तुरीचे कट्टे उतरवणे आणि वजनाची पावती पोहोचवणे हे धंद्याबाहेरचे काम आहे असे कोणी म्हणू शकणार नाही. अर्जात दोघांनाही प्रतिवादी करावे.

बाँडबद्दल जालन्याच्या ताईंनी लिहिलेले अगदी बरोबर आहे. भरपाईचा हक्क सोडून देणारा करार कलम १७ प्रमाणे निरर्थक ठरतो, आणि ठरलेल्या रकमेचा समझोता करायचाच असेल तर तो आयुक्तांकडे नोंदवावा लागतो. आयुक्तांना रक्कम अपुरी वाटली तर ते नोंद नाकारू शकतात. घरात बसून केलेल्या बाँडला ही चाळणी नसते.

रकमेचा अंदाज असा. कायमच्या आंशिक अपंगत्वासाठी मासिक वेतनाच्या ६० टक्के रकमेला वयाच्या गुणकाने गुणतात आणि त्यातून कमाईची क्षमता जितकी टक्के गेली तितका भाग घेतात. ३ जानेवारी २०२० पासून हिशोबासाठी वेतनाची मर्यादा १५,००० रुपये आहे, त्यामुळे दाजींचे १४,००० रुपये पूर्ण धरले जातील. ४० वर्षांसाठी गुणक १८४.१७ आहे. ८,४०० गुणिले १८४.१७ म्हणजे १५,४७,०२८ रुपये. क्षमता २० टक्के गेली असे धरले तर सुमारे ३,०९,४०० रुपये होतात. घोट्याची ही इजा कायद्याच्या परिशिष्टातील ठरावीक इजांमध्ये बसत नाही, म्हणून टक्केवारी डॉक्टरांच्या प्रमाणपत्रावर आणि साक्षीवर ठरेल. इथे बहुतेक जण एक चूक करतात. डॉक्टर पायाचे अपंगत्व सांगतात, पण कायदा कमाईची क्षमता विचारतो. बसून काम करणाऱ्या माणसाच्या आणि पाठीवर कट्टा वाहणाऱ्या माणसाच्या घोट्याची किंमत एकच नसते, हे डॉक्टरांच्या तोंडून न्यायालयासमोर आले पाहिजे.

याखेरीज २००९ च्या दुरुस्तीनंतर उपचाराचा प्रत्यक्ष खर्च मालकाने द्यावा लागतो. कामावर जाता येत नव्हते त्या काळासाठी दर पंधरवड्याला वेतनाच्या २५ टक्के, म्हणजे इथे ३,५०० रुपये. देय झाल्यापासून महिन्यात रक्कम दिली नाही तर १२ टक्के व्याज आणि विलंबाला योग्य कारण नसेल तर मूळ रकमेच्या ५० टक्क्यांपर्यंत दंड. अर्जाची मुदत अपघातापासून दोन वर्षे, म्हणजे एप्रिल २०२७. अर्ज अपघात झाला तिथे किंवा कामगार राहतो तिथे, दोन्हीकडे करता येतो. बीड-परळीकडून ऊसतोडीला परजिल्ह्यात गेलेल्या आणि तिथे जायबंदी झालेल्या कुटुंबांनाही हेच सांगत असतो, कारण परक्या गावी तारखांना जाणे परवडत नाही म्हणून कितीतरी दावे दाखलच होत नाहीत.

मात्र हे सगळे ईएसआय लागू नसेल तरच. ईएसआय लागू असेल तर वाट बदलते. मिलमध्ये एकूण किती माणसे काम करतात, ठेकेदाराची धरून, हे कृपया कळवावे.


गोदाकाठ (नांदेड)

मी हमाल संघटनेचे काम करतो. माझ्या मते दोन्हीकडे अर्ज टाकावा, ईएसआयकडेही आणि आयुक्तांकडेही. जिथे आधी मिळेल ते घ्यावे. वकिलाच्या खर्चाची काळजी करू नये. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे औद्योगिक कामगाराला मोफत वकील मिळतो, तसेच स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींनाही उत्पन्नाची अट न लावता मिळतो. लातूरच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय आहे, तिथे साधा अर्ज द्यावा.


खामनदी (छत्रपती संभाजीनगर)

मोफत वकिलाची माहिती महत्त्वाची आहे, ती माझ्या लिहिण्यात राहून गेली होती. दोन्हीकडे अर्ज टाकण्याच्या सल्ल्याशी मात्र मी सहमत नाही. ईएसआय कायद्याचे कलम ५३ विमाधारक कामगाराला १९२३ च्या कायद्याखाली किंवा इतर कायद्याखाली मालकाकडून भरपाई घेण्यास स्पष्ट मनाई करते, आणि सर्वोच्च न्यायालयाने ही मनाई निष्काळजीपणाच्या दिवाणी दाव्यालाही लागू केली आहे. दोन दगडांवर पाय ठेवला तर अर्ज फेटाळला जाण्याची शक्यता वाढते आणि हातातला वेळ जातो.

शिवाय विमाधारक कोण, हे वर्गणी कापली होती की नाही यावर ठरत नाही. वर्गणी देय होती का, हा प्रश्न असतो. कारखान्यात दहा किंवा अधिक माणसे असतील, तो भाग योजनेत असेल आणि वेतन २१,००० रुपयांच्या आत असेल, तर ठेकेदाराच्या माणसाचीही वर्गणी आधी मूळ मालकाने भरायची असते. मालकाने ती चुकवली म्हणून कामगाराचा हक्क बुडत नाही. ईएसआय महामंडळ कामगाराला लाभ देऊन ती रक्कम मालकाकडून वसूल करू शकते, आणि नोंदणी अपघातानंतर झाली तरी लाभ नाकारता येत नाही असा २००३ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे.

ईएसआयमध्ये नुकसान होते असेही समजू नये. कामावर जाता येत नाही त्या काळात सरासरी वेतनाच्या ९० टक्के मिळतात, म्हणजे महिन्याला साधारण १२,६०० रुपये. १९२३ च्या कायद्यात तेच ७,००० होतात. कायमच्या अपंगत्वासाठी वैद्यकीय मंडळ टक्केवारी ठरवते आणि त्याप्रमाणे आयुष्यभर मासिक लाभ सुरू राहतो.

म्हणून क्रम असा ठेवावा. आधी ईएसआयच्या शाखा कार्यालयाला लेखी पत्र द्यावे, त्यात मिलचा पत्ता, ठेकेदाराचे नाव, अपघाताची तारीख लिहून या मिलची नोंदणी आहे का आणि दाजींच्या नावाने विमा क्रमांक आहे का अशी विचारणा करावी. पत्राची पोच घ्यावी. त्याच दिवशी मिलमालक आणि ठेकेदार दोघांना पोचदेय टपालाने अपघाताची लेखी सूचना पाठवावी. ईएसआयने योजना लागू नाही असे कळवले तर ते उत्तर घेऊन आयुक्तांकडे जावे. मालक आयुक्तांसमोर ‘हा ईएसआयचा माणूस आहे’ असे म्हणाले, तर त्यांनी तो आपला कामगार असल्याचे मान्य केले असे होते.

जागेच्या मालकाविषयी थोडक्यात. एका इमारतीत वेगवेगळ्या भोगवटादारांना मजले किंवा गाळे दिलेले असतील तर अपघाताच्या वेळी लागू असलेल्या कारखाने अधिनियमाच्या कलम ९३ प्रमाणे सामायिक जिने आणि वाटा यांची देखभाल व स्वच्छता जागेच्या मालकाकडे येते, भाडेकरारात काहीही लिहिलेले असो. पूर्ण इमारत एकट्या मिलकडे असेल तर मात्र भार मिलच्या भोगवटादारावर राहतो. तुमच्या वर्णनावरून दुसरी स्थिती दिसते, म्हणून जागेच्या मालकामागे फार शक्ती घालवू नये.


शेंद्रा-वाळूज (छत्रपती संभाजीनगर)

मी कारखान्यांत सुरक्षा पर्यवेक्षक म्हणून अठरा वर्षे काम करतो आहे. वकील साहेबांनी हक्काचे सांगितले, मी जिन्याचे सांगतो.

शहाबादी फरशी नवीन असताना खरखरीत असते. वर्षानुवर्षे पाय घासून पायरीची पुढची कड गुळगुळीत आणि किंचित उतरती होते. त्यावर तेलाचा पातळ थर आला की चप्पल आणि दगड एकमेकांना धरत नाहीत. चुनी तेल शोषेल असे लोकांना वाटते, पण भुकटी थोडी आणि तेल जास्त असेल तर त्याचा चिकट लेप होतो, आणि कोणी नुसते पाणी मारून जिना धुतला तर तो लेप खालच्या पायऱ्यांवर पसरतो. मी पाहिलेल्या बऱ्याच जिन्यांवर अपघात चढताना कमी आणि उतरताना जास्त झाले आहेत. दाजी चढताना घसरले, यावरून त्या पायऱ्यांवर तेल किती असेल याची कल्पना येते. कठडा वळणापाशी संपतो म्हणता, म्हणजे तोल जाताना हाताला धरायला काही नव्हते.

हे टाळणे खर्चाचे काम नाही. पोती न्यायला वेगळा रस्ता किंवा साधी कप्पी, सांडल्याबरोबर लाकडाचा भुसा टाकून झाडून घेणे, मग साबणाच्या गरम पाण्याने पुसणे, पायरीच्या कडेला छिन्नीने खाचा मारणे किंवा खरखरीत पट्टी बसवणे, पूर्ण जिन्याला कठडा आणि वळणावर दिवा. चार-पाच हजारांत यातले बरेचसे होते. यात उपकार कोणावर नाही: अपघाताच्या वेळी लागू असलेल्या कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ३२ मध्येच लिहिले होते की जमीन, पायऱ्या आणि वाटा भक्कम असाव्यात, त्यांवर अडथळे किंवा पाय घसरेल असे पदार्थ असू नयेत आणि गरज तिथे भक्कम कठडे असावेत. हे कलम तुमच्या जिन्याला शब्दशः लागू पडते.

मिल या अधिनियमाखाली नोंदलेली असेल तर ४८ तास किंवा अधिक काळ कामावर येता न येण्याइतका अपघात झाल्याची सूचना मालकाने औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला द्यायची होती. ती दिली होती का, आणि या मिलच्या तपासणीत जिन्याबद्दल काही शेरा होता का, हे माहितीच्या अधिकारात विचारावे. तीस दिवसांत उत्तर मिळायला हवे. सूचना दिली नसेल तर तेही लेखी स्वरूपात हाती येईल.

जिन्याचे फोटो आजच काढून घ्या. तुमची मागणी पोहोचली की दुसऱ्या दिवशी कठडा बसलेला दिसेल. कठडा बसणे चांगलेच, उद्या दुसरा कोणी पडणार नाही, पण आधी तो नव्हता याचा पुरावा तुमच्याकडे असला पाहिजे.

आणि केसपेपरवरची ‘घरी मोरीत’ ही नोंद. दवाखान्यात माहिती कोणी दिली, त्याचे नाव आणि सही बहुधा भरतीच्या कागदावर असते. तो कागद मागून घ्या. रुग्णाला स्वतःचे कागद मागण्याचा हक्क आहे. माहिती देणारा माणूस ठेकेदाराचा आहे हे त्याच कागदावरून सिद्ध झाले तर त्या नोंदीचे वजन बरेच कमी होईल.


मांजराकाठ (लातूर)

सर्वांचे मनापासून आभार. काल ताईकडे जाऊन सगळे कागद जमिनीवर मांडले. ठेकेदाराच्या बाँडला दाजींनी स्वतः फोन करून नकार दिला. मिलमध्ये हंगामात ठेकेदाराची धरून बावीस-तेवीस माणसे असतात, म्हणजे ईएसआयचे पत्र आधी द्यावे लागेल असे दिसते. भरतीच्या कागदावर खाली ‘माहिती देणारा’ म्हणून मुकादमाचे नाव आणि त्याची सही आहे. आमच्या घरातल्या कोणाचीही सही त्यावर नाही.

आणखी एक गोष्ट सापडली. अपघाताच्या दिवशीचा सदरा ताईने धुवून ठेवला होता, पण धुण्याआधी खिशातले कागद काढून औषधांच्या डब्यात टाकले होते. त्यात काट्याची पावती आहे, जी दाजी वर घेऊन चालले होते आणि जी दिवाणजींकडे कधी पोहोचलीच नाही. कडेला तेलाचा डाग आहे, तरी छापील अक्षरे वाचता येतात: तारीख, गाडीचा क्रमांक, भरलेले वजन, आणि वेळ ११:४२. दवाखान्यात भरती केल्याची वेळ १२:३५ लिहिलेली आहे. आमचे गाव लातूरपासून तेवीस किलोमीटर आहे. हिचा उपयोग होईल का?


खामनदी (छत्रपती संभाजीनगर)

होईल, आणि मोठा होईल. अकरा वाजून बेचाळीस मिनिटांनी मिलच्या काट्यावर असलेला माणूस त्रेपन्न मिनिटांत तेवीस किलोमीटर घरी जाऊन, मोरीत पडून, परत लातूरच्या दवाखान्यात भरती झाला, असे समोरच्यांना म्हणावे लागेल. त्या गाडीची नोंद काट्याच्या संगणकात आणि बाजार समितीच्या किंवा व्यापाऱ्याच्या हिशोबातही असणार, ती न्यायालयामार्फत मागवता येते. गाडीचा चालक हा मिलच्या पगारावर नसलेला साक्षीदार आहे, त्याचा पत्ता क्रमांकावरून शोधावा.

अशा पावतीची शाई उष्णतेने आणि काळाने उडते. म्हणून आज दोन्ही बाजूंची रंगीत छायाप्रत काढावी, फोटो काढून दोन-तीन जणांकडे पाठवून ठेवावा, मूळ पावती प्लास्टिकच्या पिशवीत न ठेवता कोरड्या कागदी पाकिटात ठेवावी, आणि ती कोणी मागितली तरी न्यायालयाबाहेर कोणाच्याही हातात देऊ नये. ईएसआयच्या पत्रासोबत फक्त छायाप्रत जोडावी.

पत्र सोमवारी द्यावे. मसुदा इथे टाकलात तर मी पाहून देईन.